जहाजावरची भाषा

तिला घरात सगळे काबाई म्हणत, कारण तिचं दर दुसरं वाक्य ‘का’ने सुरू व्हायचं. शिलाई मशीन दुरुस्त करणारे तिचे बाबा गिऱ्हाइकांना सांगत, "मशीनचं बिनसलं तर मी आहे, पण हिच्या प्रश्नांपुढे मी हात टेकले." वय सोळा. या उन्हाळ्यात सहा आठवडे परदेशात, एका अनोळखी कुटुंबात राहून तिथली भाषा शिकायला तिची निवड झाली होती.

येण्याआधी जुजबी बोलता यावं, असं निवडीच्या पत्रात लिहिलं होतं. सोबत आलेलं पुस्तक उघडलं तर नुसती व्याकरणाची कोष्टकं. मग आईला आठवलं, खालच्या मजल्यावरच्या आचारीकाकांनी चौदा वर्षं तिकडच्या मालवाहू जहाजावर स्वयंपाक केला होता. त्याच दुपारी काबाई वही घेऊन त्यांच्या दारात उभी.

"शिकवतो की," काका म्हणाले. "पण मला येते ती बोटीवरची. चालेल?"

"पळेल!"

काका शिकवताना हातात झारा घ्यायचे, त्याशिवाय त्यांना शब्द आठवत नसत. ‘हात काढ, भाजेल!’ ‘मागून येतोय!’ ‘झाकण कुठंय?’ काबाई सगळं घोकायची.

"काका, या भाषेत सगळे ओरडूनच बोलतात का?"

"इंजिनाच्या घरघरीत कुजबुजून कसं चालेल, पोरी?"

निघायला पंधरा दिवस उरले असताना यजमानीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. बाई मोज्यांच्या कारखान्यात कामाला होत्या. त्यांनी लांबलचक काहीतरी विचारलं. काबाईला त्यातला ‘कधी’ तेवढा कळला. ‘लवकरच येते’ म्हणायला गेली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "बाजूला हो, गरम आहे!"

पलीकडे बाई इतक्या हसल्या, की पडद्यावर नुसतं छतच दिसायला लागलं.

काबाईचं तोंड एवढंसं झालं. खाली जाऊन तिनं सगळं सांगितलं. काका हसले नाहीत. झारा खाली ठेवून म्हणाले, "चूक माझीच. चौदा वर्षांत तिकडच्या एकाही घरात माझं पाऊल पडलं नाही गं. ‘कशी आहेस’ हे कसं विचारतात, ते मलाच ठाऊक नाही."

काबाई वर गेली आणि पुस्तक घेऊन आली. "मग दोघं मिळून शिकू."

काकांनी चष्मा चढवला. आता तेच शंका काढायला लागले. "हे लोक टेबलाला बाई का समजतात?"

"आपण ‘ती खुर्ची’ म्हणतो, ती तरी कुठे बाई आहे, काका?"

काकांनी वाकून खुर्ची खालून-वरून पाहिली. मग म्हणाले, "तुला एक शब्द विचारू? तिथल्या बंदरावर एक फळवाली होती. मी संत्री घेतली की दर वेळी ती एकच शब्द बोलायची. शिवी होती की माया, तीस वर्षं कळलेलं नाही." शब्द नाकातून सुरू होऊन घशात संपत होता. पुस्तकात तो कुठेच नव्हता.

पुढच्या कॉलमध्ये काबाईनं आधी रीतसर ख्यालीखुशाली विचारली. मग काकांना शेजारी बसवलं. त्यांनी भीत भीत शब्द उच्चारला. बाईंनी तो दोनदा म्हणायला लावला आणि हातांनी खूण करून दाखवली.

"पिशवी," काबाई म्हणाली. "ती म्हणायची, पिशवी आणा."

"तरीच!" काकांनी कपाळावर हात मारला. "दर वेळी सगळी संत्री टोपीत भरून न्यायचो मी!"

यजमानीणबाई पुन्हा हसल्या, पण या खेपेला इकडचे दोघेही त्यांच्याबरोबर हसत होते.

निघायच्या सकाळी काबाईनं पुस्तक काकांकडेच ठेवलं. त्यांचे चार धडे राहिले होते. आईनं बॅगेची चेन तिसऱ्यांदा तपासली, बाबा उगाचच घड्याळ पुसत बसले.

विमानात शेजारच्या आजींनी तिला त्याच भाषेत काहीतरी विचारलं. अर्धं कळलं, अर्धं डोक्यावरून गेलं. तिनं मान डोलावून वेळ मारून नेली नाही.

"हळू बोलाल का?" ती त्यांच्या भाषेत म्हणाली. "मी नवीन आहे."