बांगड्या झरीत, हात डहाणूत

इथले अनुभव मी दोन-तीन वर्षं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. खरं सांगायचं तर बहुतेक अनुभव वाचून मी मनात म्हणायचे, झोप झाली नसेल, ताप असेल, भास झाला असेल. मी ज्या कामात आहे तिथे पेशंटला काय 'वाटतं' हेसुद्धा तपासून, वेळ टाकून लिहावं लागतं. बाहेरचं, लागीर, करणी... यातलं काहीच मी कधी मानलं नाही. आज मानते असंही नाही. जे झालं ते जसं झालं तसं लिहितेय, एवढंच.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. डहाणू रोड स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर एका छोट्या हॉस्पिटलात तळमजल्यावर माझी खोली आहे. हात आणि मनगट एवढंच माझं काम. विळ्याने, काचेने, मशीनने कापलेले हात सर्जन जोडतो. त्या हाताला पुन्हा बटण लावायला, भाकरी थापायला शिकवणं माझ्याकडे असतं.

त्या वर्षी जूनमध्ये माझा नवरा गेला. सकाळी चहा पिता पिता. तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी कामावर आले. रडले नाही. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हते हो. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर ओठ जसा आपला वाटत नाही, तसं माझं अख्खं अंग झालं होतं. जेवत होते, कपडे वाळत घालत होते, कामावर जात होते. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही विचाराल की ही घाबरली कशी नाही.

सप्टेंबरमध्ये जयवंती आली (नाव बदललं आहे, बाकी सगळ्यांचीही). सव्वीस वर्षांची, तलासरी तालुक्यातल्या झरी गावच्या एका पाड्यावरची वारली बाई. हायवेलगतच्या एका लहान कारखान्यात प्लास्टिकच्या पट्ट्या कापायच्या मशीनवर कामाला होती. डावं मनगट पात्याखाली गेलं. वापीच्या सर्जनने तुटलेले टेन्डन, म्हणजे बोटं ओढणाऱ्या दोऱ्या, फार सुंदर जोडले होते. नस दबली होती, तुटली नव्हती. जखम भरली, टाके निघाले. पण बोटं हलेनात, आणि मनगटाखाली तिला काही म्हणजे काही कळेना. नोव्हेंबरमध्ये नसेची तपासणी केली तर ती जवळजवळ नॉर्मल.

मी सुई टोचायचे. ती डोळे मिटून म्हणायची, "नाय."

मनगटावर एक सरळ रेघ. रेघेच्या वर सगळं व्यवस्थित कळायचं, खाली शून्य, हातमोजा घातल्यासारखं. नसा अशा बधिर होत नाहीत. अंगठ्याकडे जाणारी नस वेगळी, करंगळीकडची वेगळी. असं सरळ रेघेत बधिर होणं मनाकडून येतं, हे आम्हाला कॉलेजातच शिकवलेलं असतं. ढोंग नव्हे हं... ती ढोंग करत नव्हती. एकदा गरम पाण्याच्या भांड्याला तो हात चिकटला आणि तिला पत्ताच नव्हता, मीच ओढून बाजूला केला.

तिच्याबरोबर नणंद यायची, आणि तीन वर्षांची पोरगी, कुसुम. कुसुम दोन्ही हात वर करून आईपुढे उभी राहायची. जयवंती डावी बाजू भिंतीकडे वळवायची. मी एकदा म्हटलं, "अगं घे की तिला. व्यायामच होईल."

"मेल्या हातानं पोरीला नाय धरायचं, बाई."

हळूहळू तिचं जेवण कमी झालं. बोलणंही. नणंद म्हणाली, दिवसभर उंबऱ्यात बसून राहते, पोरगी रडली तरी उठत नाही. मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. ते आमच्याकडे दर मंगळवारी येतात. वयस्कर, शांत गृहस्थ, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. त्यांनी गोळ्या चालू केल्या. पुढच्या मंगळवारी तिचा नवरा लखमा बरोबर आला होता. मीही खोलीत होते.

सरांनी तिला विचारलं, "जयवंती, तुझा हात कुठे आहे?"

मला प्रश्न विचित्र वाटला. तिला नाही वाटला.

"तथंच हाय. कारखान्यात."

"मग हा मांडीवर आहे तो?"

"तो कोणाचा ते मना नाय माहीत."

लखमा जमिनीकडे बघत म्हणाला, "भगत पण तेच बोलला, साहेब. हाताचा जीव तथं राह्यला. आणाया लागंल." असं म्हणून त्याने मान अजून खाली घातली. आता बोलणी बसणार याची त्याला खात्री होती, आणि माझ्या तोंडावर ती आलीही होती.

सर म्हणाले, "कसा आणायचा म्हणतात?"

"हिच्या बांगड्या तथं हायत. मशीनवर बसायच्या आधी काढून खिळ्याला लावायची. त्या दिवशी लावल्या त्या तशाच राह्यल्या. कोणी हात नाय लावला."

"मग घेऊन या. पण तीन गोष्टी. गोळ्या बंद करायच्या नाहीत, हाताला चटका, डाग काही द्यायचं नाही, आणि इथलं येणं चुकवायचं नाही."

ते दोघं गेल्यावर मी म्हटलं, "सर, तुम्ही हे चालवून घेता?"

"आपला हात तिथे आहे असं तिला वाटतं. तो आणायला तिची माणसं जाणार आहेत. मी का अडवू? तुमच्या व्यायामाला ती हात देतेय कुठे?" मग पेन खिशाला लावत म्हणाले, "तुम्ही कधी येताय माझ्याकडे?"

"माझा पेशंट थांबलाय," मी म्हटलं. बाहेर कोणीच नव्हतं.

मग जवळजवळ तीन आठवडे गेले. कारखान्याचा सुपरवायझर लखमाला आत सोडेना, असं नणंदेकडून कानावर आलं. मी विसरूनही गेले. डिसेंबरमधला गुरुवार होता. नणंद कुसुमला घेऊन बाहेर बाकावर बसली होती. जयवंती आणि मी टेबलाच्या दोन बाजूंना. तिच्या डोळ्यांवर रुमाल, डावा हात टॉवेलवर उताणा. खिडकी बंद, थंडीचे दिवस म्हणून पंखाही बंद. आमच्याकडे नायलॉनच्या बारीक तारा असतात. त्या एकेका बोटाला टेकवायच्या आणि कळलं का विचारायचं. प्रत्येक उत्तरापुढे वेळ लिहायची.

"नाय." "नाय." "नाय."

पंचवीस वेळा विचारून झालं. तार ठेवून मी शीटवर लिहीत होते. तेवढ्यात ती म्हणाली, "गार."

मी वर बघितलं. तिच्या हाताला काहीच टेकलेलं नव्हतं.

"काय गार?"

"पाणी. पाणी घालतात."

टॉवेल कोरडा. हात कोरडा. मी लिहिलं – ११.३२, गार, पाणी. सवयीने. भास समजून थांबवायला हवं होतं, सरांना फोन करायला हवा होता. मी पेन हातात धरून बसून राहिले. काही मिनिटांनी ती म्हणाली, "दाणे टाकतात... तांदूळ." तिचा चेहरा कुणीतरी कान साफ करून देत असावं इतका निवांत. ११.३६. मग बराच वेळ काही नाही. बाहेर कुसुम गाणं म्हणत होती.

"बांगडी चढवतात," जयवंती म्हणाली. "जात नाय... लखमाला नाय जात." मग एकदम वेगळ्या, लहान आवाजात, "आयस हाय. आयशीला जाते."

आयस म्हणजे आई. तिची आई शेजारच्याच पाड्यावर राहते, मला ठाऊक होतं. ११.४१.

आणि तीन मिनिटांनी ती ओरडली, "फुटली!" आणि हात ओढून घेतला. डावा. चारही बोटं तळव्यात मिटली होती. ज्या बोटांना मी तीन महिने विनवत होते ती, घट्ट, नखं रुतेपर्यंत. उजव्या हाताने ती डाव्या अंगठ्याचं मूळ चोळत होती. "लागलं बाई... लागलं." आणि रडायला लागली. मी तिच्या अंगठ्याच्या मुळाशी बघितलं. ओरखडासुद्धा नव्हता. कापूस फिरवला, तिच्या डोळ्यांवरचा रुमाल न काढता. "कळतंय," ती म्हणाली.

मला भीती वाटायला हवी होती. आनंद तरी. काही वाटलं नाही. मी वेळ लिहिली आणि नणंदेला आत बोलावलं.

दुपारी लखमाचा फोन आला. तो सगळं सांगण्याआधीच मी विचारलं, "बांगडी फुटली का?"

 तो म्हणाला, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

पुढच्या रविवारी मी झरीला गेले. कशाला, ते माझं मलाही नीट सांगता आलं नसतं. बहुधा पकडायला गेले होते, कोणाला तरी खोटं पाडायला. लखमाच्या चुलतभावाने सगळं मोबाईलवर शूट केलं होतं. अंगणात बसून मी ते दोनदा बघितलं. त्या गुरुवारच्या आदल्या संध्याकाळी सुपरवायझरने बांगड्या गेटवर आणून दिल्या होत्या. त्या सुपात ठेवल्या होत्या. म्हातारा भगत त्यावर पाणी घालतो. तांदळाचे दाणे टाकतो, पुटपुटतो. मग म्हणतो, कोणाच्या तरी हातात घाला, हाताशिवाय बांगडी येत नाय. लखमा प्रयत्न करतो, त्याच्या पंजातून ती जात नाही, बायका हसतात. मग मागून जयवंतीची आई पुढे येते, कोणी न बोलावता, आणि एक एक चढवते. शेवटची हिरवी बांगडी अंगठ्याच्या मुळाशी अडकते आणि फुटते. आवाज स्पष्ट ऐकू येतो. ती आई अंगणात माझ्या समोरच बसली होती. मी तिचा हात बघितला. अंगठ्याच्या मुळाशी खपली धरलेली होती.

व्हिडिओची वेळ आणि माझ्या शीटवरची वेळ यांत मिनिटभराचा फरक होता.

मी नणंदेला बाजूला घेऊन खोदून विचारलं. काहीतरी करणार आहेत एवढं तिला ठाऊक होतं. कधी, काय, ते नाही. जयवंतीला सांगायचं नाही असं भगतानेच बजावलं होतं. समजा, सांगितलं असेल. पाणी, तांदूळ, बांगड्या, तिने अंदाज केला असेल. पण लखमाला बांगडी जाणार नाही, आई मधेच उठून येईल, फुटेल आणि अमुक ठिकाणी लागेल... हे त्या अंगणातसुद्धा कोणाला आधी माहीत नव्हतं.

निघताना भगत कुंपणापाशी उभा होता. मी गाडीला चावी लावली तसा जवळ आला. "बाई, तुमचा काय राह्यलंय? कुठं?"

माझ्या नवऱ्याबद्दल तिथे कोणालाही माहीत नव्हतं.

"काही नाही," मी म्हटलं. तो मान हलवून आत गेला. चेहऱ्यावर दिसत असेल. बायका विधवा झाल्या की दिसतं म्हणे.

सरांना मी शीट आणि व्हिडिओ दोन्ही दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला माहीत नाही," म्हणाले. "व्यायाम चालू ठेवा." नंतर दार ओढून घेतलं आणि समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. त्या दिवशी मी बसले. त्यानंतर बरेच मंगळवार बसले. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. झोप लागायला लागली, मीठ कमी-जास्त झालं तर कळायला लागलं. रडू अजून आलेलं नाही.

जयवंतीचा हात फेब्रुवारीपर्यंत बऱ्यापैकी उघडला. पूर्ण नाही. थंडीत अजून आखडतो, करंगळी थोडी वाकडी राहिली आहे. पण ती कारखान्यात परत गेली नाही. आता चिकूच्या वाडीत कामाला जाते, फळ हातात घेऊन पिकलेलं कुठलं, कच्चं कुठलं ते दाबून वेगळं करायचं. शेवटच्या दिवशी कुसुमला डाव्या कडेवर घेऊनच आली. पोरगी तिच्या कानातल्याशी खेळत होती.

त्या गुरुवारबद्दल मी तिला कधीच थेट विचारलं नव्हतं. सरांनीच सांगितलं होतं, उकरू नका. त्या दिवशी मात्र विचारलं. "जयवंती, तेव्हा डोळ्यांवर रुमाल, काही दिसत नव्हतं. भीती नाही वाटली तुला?"

"नाय. तुम्ही धरून होता ना."

"कुठे?"

तिने उजव्या हाताची बोटं डाव्या हाताभोवती गुंडाळून दाखवली. मनगटाच्या वर, जिथे तिला आधीपासून सगळं व्यवस्थित कळत होतं तिथे. "इथं. पाणी घातलं त्याच्या आधीपासून. बांगडी फुटली तवर सोडलाच नाय तुम्ही. म्हणून तर मी बसून राह्यले."

माझ्या एका हातात पेन होतं, दुसऱ्या हाताने मी शीट दाबून धरली होती. आमच्या मध्ये टेबल होतं. खोलीत तिसरं कोणी नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "मीच होते."

ती हसली, कुसुमला सावरलं आणि गेली. आज या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. पाणी, दाणे, बांगडी, सगळ्याच्या वेळा तिच्या फाईलमध्ये आहेत, कोणीही बघावं. ही शेवटची गोष्ट मात्र मी तिथे लिहिलेली नाही. कुठल्या रकान्यात लिहायची ते मला अजून कळलेलं नाही.