मोजणीतला शेवटचा पुरुष

योकिनला पुढचं कधी दिसलंच नाही. आठ बैलांच्या नांगरापुढे उलटं चालायचं आणि गाऊन त्यांना चालतं ठेवायचं, हे त्याचं काम. तोंड बैलांकडे, पाठ बांधाकडे. किती वेळा चिखलात आपटला! नांगर धरणारा माझा नवरा हेलिन हसायचा, "योकिन, बेसूर झालास की जमीनच तुला खाली ओढते बघ."

"तू आधी सरळ नांगर," योकिन म्हणायचा.

आमची मैरद्रेव म्हणजे राजाचं खासगी गाव. जमीन कुणाच्या बापाची नाही. माणूस मेला की कारभारी मोजणीची काठी घेऊन येणार आणि उरलेल्या पुरुषांत ती सारखी वाटणार. बायका मोजणीत नाहीत. महामारीच्या वर्षी काठी इतकी फिरली की शेवटी एकटा योकिन उरला, आणि आम्ही मूठभर विधवा.

कारभारी टिडिर नाकाला फडकं लावून बांधापलीकडूनच ओरडला, "योकिन, सगळं तुझं रे बाबा! एक पुरुष राजाचं शेत नांगरतोय तोवर हे गाव. नाहीतर मेंढरं सोडेन, आणि या बायांनी आपली वाट धरावी."

"मेंढरांना गाता येतं का, ते विचारा आधी," योकिन म्हणाला.

दोनच बैल उरले होते. नांगर मी धरला. योकिन माझ्यासमोर गायचा, पण बघायचा माझ्या खांद्यावरून मागे. मधेच म्हणायचा, "हेलिन, सरळ!" माझ्या अंगावर काटा यायचा. मी वळून बघितलं नाही. वळले असते आणि हेलिन तिथे नसता, तर मला सोसलं नसतं.

पेरणी आटोपली आणि योकिनही गेला. बातमी बांधापलीकडे पोचली असती तर गाव संपलंच असतं, म्हणून रडायचीही चोरी. राजाच्याच शेतात त्याला पुरलं आणि वरून नांगर फिरवला. ना पाद्री, ना घंटा. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून दर वसंतात टिडिर बांधावर येतो. आत पाय टाकायची त्याची छाती होत नाही. "योकिन, आहेस का रे?" मी गोठ्याआडून घोगऱ्या आवाजात म्हणते, "आहे!" तो निघून जातो, आणि बायका माझी नक्कल करून हसतात.

यंदा त्याने हाक मारली तेव्हा मी घसा खाकरतच होते. उत्तर शेतातून आलं, "आहे."

टिडिर मान हलवून गेला. गोठ्याआड कुणी हसलं नाही. मला मात्र राहवेना. मी शेताकडे तोंड करून हळूच विचारलं, "आणि हेलिन?"

उत्तर आलं नाही.