वाकळीवरचा शेवटचा थर

परंड्याच्या सरांचा फोन आला तेव्हा चित्र भिंतीकडे तोंड करून उभं होतं.

"मॅडम, आईची नजर चाललीय. जरा लवकर होईल का?"

बाळांनो, आजी एका चित्राला इतका वेळ का लावते, असं तुम्ही विचारता. मिक्स्ड मीडिया म्हणजे एकाच चित्रात रंगाबरोबर कापड, कागद, माती असं काहीही वापरायचं. सरांच्या आईंनी, काशीबाईंनी, एक वाकळ हातानं शिवली होती. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी. तिच्या तुकड्यातून त्यांचं शेत करायचं, असं कमिशन, म्हणजे सरांनी सांगून करून घेतलेलं काम, होतं. काचबिंदूनं डोळे पुरते जायच्या आत त्यांना ते बघायचं होतं.

आधी वाकळ फळीवर चिकटवली. शेतातली माती चाळून, बाइंडर नावाच्या चिकट द्रवात कालवून लावली. टाके मात्र उघडे ठेवले. ते टाके म्हणजेच शेतातल्या सऱ्या. मग रंग. प्रत्येक थर पूर्ण वाळावा लागतो, नाहीतर वरच्या थराला तडे जातात. सरांना फोनवर मी हेच सांगत राहिले.

खरं तर थर वाळले होते. चित्र काही दिवस भिंतीकडे वळवून ठेवायचं, विसरायचं आणि मग नव्या नजरेनं बघायचं, ही माझी सवय. त्या सवयीपायी मी थांबले होते. सरांना ते सांगितलं नाही.

शेवटी रेझिन ओतलं. हा काचेसारखा थर. त्यानं धूळ बसत नाही. रंग खुलले. मी खूश होते.

चित्र घेऊन परंड्याला गेले, तोवर काशीबाईंना फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. त्यांनी चित्र मांडीवर घेतलं, त्यावरून बोटं फिरवली. पुन्हा फिरवली.

"माझं टाकं कुठं हायत?"

सरांनी त्यांचं बोट धरून नेलं. "इथं, आई. खाली हायत."

"नुसती काच लागतीय." मग माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "असू द्या बाई. पुसाया सोपं हाय."

रेझिन एकदा बसलं की कापड फाडल्याशिवाय निघत नाही. रंगापाशी थांबून चित्र दिलं असतं, तर निदान बोटांना शेत सापडलं असतं.

आता कमिशन घेताना साइज विचारायच्या आधी मी विचारते, चित्र कोण बघणार आणि कशानं.

ते चित्र परंड्यात सरांच्या बैठकीत आहे. अजून एकही तडा गेलेला नाही.