पहिला तुकडा वॉचमनला

आता तुमच्यापासून काय लपवायचं? आमच्या चिखले गावात सगळ्यांना माहीत आहे, तुम्हीही ऐका. पण मध्येच हसलात तर चहा मिळणार नाही, सांगून ठेवते!

नोटाबंदीच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. आमची चिकूवाडी आणि शेजारी धाकट्या दिराची, कागदावर जमीन अजून एकत्रच, दोन्हींत मिळून एक विहीर. शेतीची लाईट कधी येईल त्याचा नेम नाही. आली की कोणीतरी पंपाचं बटण दाबायला धावायचं. म्हटलं, हे काम यंत्र करील. मी सातवी पास, पण रेडिओ उघडून उघडून वायरी शिकले, आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून प्रोग्राम लिहायला. कोणाच्या बापाला विचारायला गेले नाही!

डहाणू रोडच्या दुकानातून काड्यापेटीएवढा बोर्ड मागवला, यंत्र केलं. दीर म्हणाला, “वहिनी, एकदा चालवून दाखवा, लगेच विहिरीवर बसवू.” रविवार ठरला.

अडचण एकच. नवा प्रोग्राम भरताना लाईट गेली की बोर्ड मेलाच. त्याला उपाय असा, की बोर्डाच्या मेमरीचे भाग पाडायचे. सुरुवातीचा छोटा भाग बूटलोडरचा. बूटलोडर म्हणजे फाटकावरचा वॉचमनच समजा. लाईट आली की आधी तो उठतो, मग प्रोग्रामला उठवतो. पुढे दोन सारखे भाग, एकात जुना प्रोग्राम, एकात नवा. नवा बिघडला तर जुना हजर. आहे की नाही शहाणपणाचं काम?

रविवारी सकाळी ओट्यावर बसून माझ्या भाचीला, माधुरीला, फोन लावला. ती तलासरीला कॉम्प्युटर शिकवते. माझा आवाज तर तुम्हाला ठाऊकच आहे!

“झाली गं वाटणी! पहिला तुकडा वॉचमनला. त्याला कोणी हात लावायचा नाही. पुढे दोन सारखे हिस्से, एक जुन्याला, एक नव्याला.”

“मावशी, आकड्यांच्या आधी शून्य-एक्स लिहिलंस ना?”

“ती शून्य आणि फुली? आकड्याआधीच्या शून्याला कोण विचारतं? काढून टाकली मी.”

“अगं मावशी, थांब, ते—”

“मला शून्य शिकवू नकोस!” ठेवला फोन.

कुंपणापलीकडे माझी जाऊ, दिराची बायको, फुलं काढत होती. तिने ऐकलं काय? वाटणी, वॉचमन, जुना आणि नवा. बस! मी चहा संपवते तोवर दीर दारात, त्याच्यामागे जाऊ, आणि तिच्यामागे आमचा खराखुरा वॉचमन रामजी, धुतलेला शर्ट घालून.

“वहिनी, आम्ही मेलो काय? न विचारता वाटणी?”

“कसली वाटणी?”

“मी या कानांनी ऐकलं!” जाऊ पुढे आली. “जुने म्हणजे आम्ही, ते समजलं. हा नवा कोण, ताई? या वयात?”

“तोंड सांभाळ!”

तेवढ्यात रामजी हात जोडून म्हणतो, “काकी, उपकार झाले. पण फाटकाकडं साप लय निघतात. माझा तुकडा विहिरीकडं दिला तर नाय चालणार?”

घ्या! एकाला जमीन गेल्याचं दुःख, दुसरा मिळालेली बदलून मागतोय!

मी उठले. “या आत. सगळे या! ही बघा माझी वाटणी!” लॅपटॉप उघडला, बोर्ड जोडला. प्रोग्राम चढवायला घेतला तर पडद्यावर पिवळ्या अक्षरांत काहीतरी इशारा आला. तीन माणसं डोक्यावर उभी असताना मी इशारे वाचत बसू? दाबलं एंटर!

बोर्डावरचा दिवा लुकलुकला आणि विझला. वायर काढली, पुन्हा लावली. नाही! फुंकर मारली. नाही! एक चापटही दिली. मेलेला तो मेलेलाच.

नाइलाजाने माधुरीला फोन. तो दिराने मुद्दाम स्पीकरवर टाकला.

“मावशी, शून्य-एक्स असलं की पुढचा आकडा सोळाच्या हिशेबाने मोजायचा. ते काढलंस, म्हणून एकावर चार शून्यांचे मशीनने साधे दहा हजार धरले. वॉचमनची खरी हद्द पासष्ट हजारांच्या पुढे होती! तू प्रोग्राम थेट वॉचमनच्या अंगावर टाकलास. उठवणाराच गेला, आता उठणार कोण?”

रामजीचा चेहरा पडला. “म्हणजे काकी, माझी जागा गेली?”

जाऊ भिंतीला टेकून हसत होती. दिराने डोळे पुसले. “वहिनी, विहिरीचं बटण मी हातानेच दाबीन. पण वाटणीला माझी आता ना नाही. करूच या, आणि मोजणी तुमचीच! माझा हिस्सा सरळ तुमच्या स्वयंपाकघरातून सुरू होईल.”

पलीकडच्या शेजाऱ्याचा बांध वीतभर सरकला म्हणून सरकारी मोजणीवाल्याला दोनदा परत बोलावणारी मी! पण माझ्या आकड्यांनी त्याचं बरोबरच होतं!