स्मरणचित्रातली तीन माणसं

मस्तगड भागातल्या माझ्या चित्रकलेच्या क्लासला रविवारी सकाळी जी पोरं येतात त्यांना चित्रकला नको असते, मार्क हवे असतात. इंटरमिजिएट परीक्षेत चांगली ग्रेड मिळाली की दहावीच्या निकालात वाढीव मार्क पडतात, एवढ्यासाठी आईबाप त्यांना माझ्या माडीवर आणून सोडतात. ब्रश असा धरतात की दात घासायला निघालेत असं वाटावं. पूर्वी मला त्यांच्या आईबापांचा राग यायचा. आता पोरांचाही येतो.

या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. पाहिलेला प्रसंग आठवून काढायचा: बाजार, जत्रा, बसस्टँड, लग्न. आठवत बसायला कुणाला वेळ आहे? म्हणून मी पोरांकडून तीन माणसं घोटवून घेते. फेटेवाला म्हातारा, डोक्यावर टोपली घेतलेली बाई आणि फुगेवाला. विषय कुठलाही येवो, या तिघांना त्यात उभं करायचं. माझ्या एका पोरानं नळावरच्या भांडणातसुद्धा फुगेवाला घुसवला होता. त्याला ए ग्रेड मिळाली, आणि त्याची आई माझ्या पाया पडली.

मागच्या वर्षी राजूरकडच्या एका शाळेनं मला कलाक्षेत्रातल्या करिअरवर बोलायला बोलावलं. "पोरांना जरा उमेद द्या," मुख्याध्यापक म्हणाले. मी दिली. जाहिरात, ॲनिमेशन, कापडावरची डिझाइन, नाटकाचं नेपथ्य, सगळं घडाघडा सांगितलं. शेवटी चित्रकलाशिक्षकाची नोकरीही सांगितली तेव्हा माझं मलाच हसू आलं, कारण त्याच शाळेतले चित्रकलेचे सर रिटायर झाल्यापासून त्यांची जागा भरलेली नव्हती आणि त्यांच्या तासाला गणित चालायचं. प्रश्न विचारा म्हटल्यावर एक पोरगा उठला. "मॅडम, ग्रेडचे मार्क भेटले की झालं ना? पुढं काहून जायाचं?" सगळा हॉल हसला. एक पोरगी तेवढी हसली नाही.

पुढच्याच रविवारी तिचा बाप तिला घेऊन माझ्याकडे आला. राजूरच्या गणपती मंदिराच्या रस्त्यावर त्याचं नारळ-प्रसादाचं दुकान. "हिला दहावीनंतर संभाजीनगरला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं म्हणती," तो म्हणाला. "मी म्हणलं, ए ग्रेड आण. आणली तर पाठवतो. जबान देतो, मॅडम." पोरीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती ग्रेड माझ्या कपाटातच ठेवलेली आहे.

मी तिला जत्रा काढायला सांगितली. तिनं चतुर्थीची गर्दी काढली, ती दुकानाच्या आतून. ती रोज बापाच्या मागं बसत असणार. पुढं त्याची रुंद पाठ, घामानं चिकटलेला सदरा, कानाशी धरून हलवलेला नारळ. त्याच्या काखेखालून दिसणारे गिऱ्हाइकांचे हात, कुणाची बांगडी, कुणाचं बोटाला लटकलेलं पोर. एकाही माणसाचं तोंड धड दिसत नव्हतं आणि प्रत्येक जण ओळखू येत होता. मला आनंद झाला नाही. माझा जळफळाट झाला. इतक्या वर्षांत मला असं एक चित्र जमलेलं नव्हतं.

न्यायला आलेल्या बापानं ते चित्र उचललं. "ही माझी पाठ काहून काढली? तोंड काढता येत न्हाई का हिला?"

मला मोठ्यानं हसू फुटलं. त्याला वाटलं, मी त्याच्याच बाजूनं हसले. पोरीचे कान लाल झाले.

तो जिना उतरल्यावर मी तिला थांबवलं. "तपासणाऱ्यापुढं कागदांचा ढीग असतो. त्याला तुझ्या बापाच्या पाठीशी काही घेणंदेणं नाही. फुगेवाला काढ."

"आमच्या दुकानापुढं फुगेवाला बसतच न्हाई, मॅडम."

"मंग बसव."

ती हटून बसली. मग मीही हात धुऊन तिच्या मागं लागले. तिची चित्रं भिंतीवर लावून पोरांना सांगितलं, नापास व्हायचं असेल तर असं काढा. पोरं खिदळली. ती रडली. मी म्हणाले, "कॉलेजात जायचंय ना? मग रड, पण काढ." तिच्या भल्यासाठीच करत होते, यात खोटं नाही. तिला रडताना पाहून बरं वाटत होतं, यातही नाही. दिवाळीआधी म्हातारा, बाई आणि फुगेवाला तिच्या हातातून न बघता उतरायला लागले. परीक्षेत बसस्टँड आलं. तिघं बसस्टँडवर उभे राहिले.

ए ग्रेड आली.

बाप पोरीला आणि पेढे घेऊन माडीवर आला. मला इतका आनंद झाला की मी त्याच्या हातातला पेढा तिथंच तोंडात टाकला. "आता कॉलेजचं कधी बघताय?" मी विचारलं.

"कोणतं कॉलेज? सायन्सला टाकून राह्यलो तिला."

"अहो, तुम्ही जबान दिली होती."

"दिल्ती ना." तो जरासुद्धा ओशाळला नाही. भिंतीकडे वळला. तिथं तिच्यासकट सगळ्या पोरांची नवीन चित्रं ओळीनं लावलेली होती. एकेका चित्रावर बोट ठेवत तो चालत गेला. "हा म्हातारा. हा बी म्हातारा. ही बाई, ही बी तीच बाई. मॅडम, हिचं कोणतं अन् दुसऱ्याचं कोणतं, तुम्हीच सांगा. मला तर बिलकुल वळखू येत न्हाई." तो थांबला. "आधी ती काही तरी येगळंच काढायची. मला पटायचं न्हाई, पण ते हिचंच हाय हे कळायचं. मी म्हणायचो, असंल काही तरी पोरीत. आता समद्यांसारखंच काढती, तर घरदार सोडून कॉलेजात कशाला पाठवू?"

तो माणूस बरोबर बोलत होता, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

तो खाली गेला. पोरगी दारात उभी राहिली. रडत नव्हती. मला वाटलं, आता ही मला शिव्या देईल, आणि मी त्याची वाट बघत होते.

"मॅडम," तिनं शांतपणे विचारलं, "तुमाला कोणती ग्रेड आल्ती?"

"ए," मी म्हणाले.

तिनं माझी खोली एकदा नीट पाहून घेतली आणि चपला घालून ती जिना उतरली.