लाखेचा शिक्का

सकाळी साडेसातला सुशीलाजींचा फोन आला. "सरजी, बाबाजी उठ नहीं रहे. चाय रखी-रखी ठंडी हो गई." सुशीलाजी म्हणजे आल्ब्रेख्टच्या घरमालकीण. मी तसाच चपला घालून निघालो. प्रताप नगरमधल्या आमच्या गल्लीत त्यांचं घर माझ्यापासून चौथं. एवढ्याशा वाटेवर माणसाच्या मनात काय काय येऊन जातं... माझ्या मनात आधी मित्र यायला हवा होता. आधी आलं ते माझ्या कपाटात, कोटाच्या खिशात ठेवलेलं पत्र. वर पोचलो तेव्हा तो कुशीवर झोपल्यासारखा होता, आणि उशाशी त्याचा चष्मा नीट घडी करून ठेवलेला होता.

त्याला जाऊन आता सात आठवडे झाले. या काळात एका जर्मन वृत्तपत्राने त्याच्यावर चार ओळी छापल्या. एका जुन्या राजघराण्याचे प्रमुख भारतात वारले, आणि सामान्य घरातल्या मुलीशी लग्न केलेल्या मुलाला त्यांनी शेवटपर्यंत क्षमा केली नाही, असं त्यात आहे. हे खोटं आहे. ते खोटं आहे हे इतके दिवस फक्त मला ठाऊक होतं. म्हणून हा लेख.

मी मूळचा सांगलीचा. जयपूरच्या एका महाविद्यालयात जर्मन शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. आल्ब्रेख्ट पहिल्यांदा भेटला तो तिथेच, वनस्पतींपासून काढलेल्या रंगांवर व्याख्यान द्यायला आला होता तेव्हा. तो रंगांचा रसायनतज्ज्ञ होता. जयपूरजवळच्या बगरूला छिप्यांच्या, म्हणजे कापडावर ठसे छापणाऱ्यांच्या, अंगणात निळीची हौदी पाहिली आणि त्यानंतर तो दर हिवाळ्यात येऊ लागला. पत्नी गेल्यावर कायमचाच आला. कोट घातलेला, सहा फुटी, आणि नखं कायम निळी. तो कोण आहे हे आम्हाला तीन वर्षांनी कळलं, तेही त्याच्या नावाने आलेल्या एका पाकिटावरच्या लांबलचक पदव्यांमुळे. सुशीलाजी तेव्हा म्हणाल्या, "हमारे जयपुर में राजाओं की कमी थी, जो जर्मनी से मँगवाना पड़ा?" तो इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, "माझ्या पणजोबांचं राज्य एवढंसं होतं, की त्यांना शिंक आली तर शेजारच्या राज्यातून 'शतायुषी व्हा' म्हणायचे." राज्य जाऊन शंभर वर्षं झाली होती. पदवी आता फक्त आडनावात उरली होती. वाड्याचं संग्रहालय झालं होतं. घराण्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्याचा मुलगा हयात आहे आणि त्याला पुरेसा त्रास झाला आहे.

त्या घराण्यात प्रमुखाकडे एकच खरा अधिकार उरला होता. घरातल्या कुणाचंही लग्न ठरलं की त्याने प्रमुखाकडे लेखी संमती मागायची. प्रमुखाने लेखी उत्तर द्यायचं, त्यावर घराण्याचा शिक्का हवा, आणि ते लग्नाआधी पोचायला हवं. पोचलं नाही तर लग्न कायद्याने होतं, पण त्या माणसाचा घराण्याचा प्रमुख होण्याचा हक्क जातो. संमती मिळाली की मागणाऱ्याने आधी आभाराचं पत्र लिहायचं. ते येईपर्यंत प्रमुख स्वतःहून बोलत नाही. मला हे सगळं पोरखेळ वाटायचं. आल्ब्रेख्टला वाटत नव्हतं. "रंग पक्का करायला तुरटी लागते ना, तसं आहे हे. दिसत नाही, पण तिच्याशिवाय सगळं धुऊन जातं," असं तो म्हणायचा.

त्याचा एकुलता मुलगा फीलिक्स. त्याला दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या क्लाराशी लग्न करायचं होतं. आल्ब्रेख्टने नकार दिला आणि तीन वर्षं बापलेकांत एक शब्द नाही. गेल्या वर्षीच्या वैशाखात फीलिक्सचं पत्र आलं. जूनमध्ये लग्न करतो आहे, रीतीप्रमाणे शेवटचं विचारतो. आल्ब्रेख्ट ते पत्र तीन आठवडे खिशात घेऊन फिरला. मग एका संध्याकाळी मला म्हणाला, "बस. लिहून घे." त्याचे हात तोवर इतके कापायला लागले होते की त्याला सहीसुद्धा दोन्ही हातांनी करावी लागे. मी लिहून घेतलं. संमती दोन ओळींत होती. पुढचं त्याने खिडकीकडे बघत सांगितलं. मी तीन वर्षं नाही म्हणालो, त्याला माझ्या सवयीपलीकडे काही कारण नव्हतं. क्लाराला घेऊन इकडे ये. निळीतून कापड हिरवं निघतं आणि हवेत आल्यावर निळं होतं, ते तिला बघायला आवडेल.

शिक्क्यासाठी मेण नव्हतं. सुशीलाजींनी बांगड्या करणाऱ्या मणिहारणीकडून लाल लाखेची कांडी आणून दिली. पितळी शिक्का दाबताना त्याचे हात थरथरत होते. पहिले दोन लिफाफे वाया गेले. मी "मी दाबतो" म्हणालो, तर म्हणाला, "हे मलाच करायला हवं." तिसऱ्या वेळी ठसा उमटला. मुकुट, त्याखाली पानांची फांदी. एवढ्यासाठी त्याला अर्धा तास लागला होता आणि शर्ट घामाने भिजला होता.

दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीचं, अनघाचं, कोर्टात लग्न होतं. मुलगा इथलाच, तिच्या ऑफिसातला. त्यांनी मला विचारून ठरवलं नाही याचा मला राग होता. आता वाटतं, विचारलं असतं तरी मी नाहीच म्हणालो असतो. सकाळी तिचा फोन आला. "बाबा, अकरा वाजता सही आहे. मतलब... तुम्ही येताय ना?" बघतो म्हणालो. हिच्या फोटोसमोर दिवा लावला, म्हणजे अनघाच्या आईच्या, आणि पत्र घ्यायला आल्ब्रेख्टकडे गेलो. तो म्हणाला, "आधी लग्नाला जा. पत्र उद्या टाक." मी म्हणालो, "लग्नाला चाललोच आहे. जाता जाता कुरिअरमध्ये देतो." लिफाफा मी स्कूटरच्या डिक्कीत ठेवला.

कोर्टाच्या वाटेवर एक बाग लागते. तिथे मी स्कूटर लावली. फोन बंद केला आणि कडुलिंबाखालच्या बाकावर बसलो. अकरा वाजले, बारा वाजले. कुणी माझ्याकडे बघितलं की मी घड्याळ बघून वाट पाहत असल्यासारखं करायचो. दोन वाजता उठलो तेव्हा स्कूटर भर उन्हात होती, सीटला हात लावता येत नव्हता. डिक्की उघडली. लाख वितळून लिफाफ्यावर पसरली होती. मुकुट नाही, पानं नाहीत, नुसता लाल ओघळ.

त्याच क्षणी परत जायला हवं होतं. अजून तीन आठवडे हातात होते, नवा शिक्का करता आला असता. पण त्याने विचारलं असतं, इतका वेळ स्कूटर उन्हात कुठे होती? आणि मला सांगावं लागलं असतं, की मी मुलीच्या लग्नाला गेलोच नाही, तुझी संमती डिक्कीत ठेवून बागेत बसलो होतो. संध्याकाळी त्याने विचारलं, "कसं झालं लग्न?" मी म्हणालो, "छान." "आणि पत्र?" मी म्हणालो, "पाठवलं."

रोज ठरवायचो, उद्या सांगू. जून आला आणि गेला. मग सांगण्यासारखं काही उरलं नाही, निदान मी स्वतःची तशी समजूत घातली. यापलीकडे आणखी एक गोष्ट आहे, ती लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. मला त्याचा हेवा वाटला होता. शेकडो वर्षांची रीत सांभाळणारा माणूस खिडकीकडे बघत "माझं चुकलं" एवढं सांगू शकला. आणि मी, जर्मन शिकवणारा, स्वतःला सुधारलेला म्हणवणारा, बाकावर बसून राहिलो...

आमच्या भागात पोस्टमन अकराच्या सुमारास येतो. आल्ब्रेख्ट पावणेअकरालाच फाटकाशी उभा राहू लागला. आधी काठी नव्हती, दिवाळीनंतर काठी आली. "हमारे लिए?" तो विचारायचा. पोस्टमन सायकल न थांबवता, पण हळू करून म्हणायचा, "आज नहीं, बाबाजी. कल पक्का." एकदा मी न राहवून म्हणालो, "तूच फोन कर ना त्याला." तो म्हणाला, "आता पाळी त्याची आहे." मग माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. "वाटेत गहाळ झालं असेल का रे?" मी म्हणालो, "होऊ शकतं." "मग पुन्हा लिहू या का?" मी म्हणालो, "थोडं थांबू. लग्न तर झालं." त्याने मान डोलावली. तिकडे फीलिक्स बापाचं मौन हा नकार समजून बसला होता. इकडे बाप मुलाचं मौन हा राग समजून फाटकाशी उभा राहत होता. दहा महिने मी हे माझ्या गॅलरीतून पाहिलं.

दफनाला फीलिक्स आला. बापासारखाच उंच. नंतर माझ्याकडे चहाला बसला. खोली आवरताना सापडलेला पितळी शिक्का त्याने रुमालात गुंडाळला होता. "हा आता चुलतभावाकडे जाईल. तो प्रमुख झाला," तो म्हणाला. मग कपाकडे बघत विचारलं, "क्लाराबद्दल ते कधी काही बोलले?" कपाट त्याच्या खुर्चीमागे होतं, चार पावलांवर. मी म्हणालो, "तो घरचं फारसं बोलत नसे." फीलिक्सने चहा संपवला, आभार मानले आणि विमानतळावर गेला.

त्या रविवारी अनघा आली होती. लग्नानंतर ती महिन्यातून एकदा येते, स्वयंपाकघरात काहीतरी करून ठेवते, जाते. मी तिला बसवलं आणि बागेपासून सगळं सांगितलं. ती रडेल किंवा भांडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बाबा, त्यांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्ही आला नाहीत ते. त्या संध्याकाळी बाबाजींचा फोन आला होता, बधाई द्यायला. मी रडले. ते म्हणाले, बेटी, तेरे पापा को टाइम दे. मुझे तीन साल लगे. तुम्हाला सांगू नको म्हणाले. म्हणाले, वो खुद बताएगा."

म्हणजे मी "छान" म्हणालो तेव्हाच त्याला ठाऊक होतं. दुसरं खोटंही त्याने ओळखलं होतं का? "वाटेत गहाळ झालं असेल का रे" हा प्रश्न होता, की मला दिलेली संधी? हे आता मला कधीच कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी अनघाच मला कुरिअरच्या दुकानात घेऊन गेली. पत्र तसंच ठेवलं, लाल ओघळासकट. सोबत मी चार पानं लिहिली. जे इथे लिहिलं तेच, जर्मनमध्ये. हा लेख छापायला हरकत नसेल तर कळव, असंही लिहिलं. पावती हातात पडेपर्यंत काउंटरवरून हललो नाही.

तीन आठवडे काही आलं नाही. मग फोनवर एका ओळीचा संदेश आला, "छापा." बाकी काही नाही. मला ते पुरेसं होतं, त्याहून जास्त मागायचा मला हक्कही नव्हता.

गेल्या गुरुवारी अकराला खाली सायकलची घंटी वाजली. पोस्टमन आमच्या फाटकाशी थांबला होता. "सरजी, नाम बाबाजी का है, पता आपका. क्या करूँ, लौटा दूँ?" मी खाली उतरलो. निळा लिफाफा होता. फीलिक्सच्या अक्षरात बापाचं नाव, सगळ्या पदव्यांसकट, जसं त्यांच्या रीतीत प्रमुखाला लिहितात तसं. मागे पाठवणाऱ्यांची नावं दोन होती, फीलिक्स आणि क्लारा. आत काय असणार ते मला ठाऊक होतं. आधी आभाराचं पत्र, मग बोलणं.

मी ते उघडलं नाही. घरातही नेलं नाही. पोस्टमन सायकलवर टांग टाकून तसाच बघत उभा होता. मी लिफाफा शर्टाच्या आतल्या बाजूला, बनियनला लावून ठेवला, वरची दोन बटणं लावली, स्कूटर काढली आणि वाटेत कुठेही न थांबता दफनभूमीत गेलो.