तरोट्याची भाजी

पूर्णेहून ताडकळसला जाताना एसटीच्या खिडकीतून तरोटा (आपल्याकडचा टाकळा) दिसला. बांधावर, रस्त्याकडेला, शाळेच्या पटांगणात नुसता माजला होता. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलेले ते दिवस; गाडी वेळेवर पोचली याचंच अप्रूप. मैत्रिणीच्या आईकडे, काकूंकडे, राहायचं आणि रानभाज्या खायच्या, एवढाच माझा बेत.

काकूंच्या मानेवर नायटा उठला होता. त्यासाठी दलित वस्तीतली सोनाबाई आली. तिने तरोट्याचा पाला लिंबाच्या रसात वाटला आणि स्वतःच्या बोटांनी काकूंच्या मानेवर चोळला. वास असा उग्र की मी मागे सरले. याची भाजीही होते, ती सांगू लागली. कोवळा पाला तेवढा खुडायचा, लसूण-मिरचीवर परतून तुरीची डाळ घालायची. उद्या माझ्यासाठी घेऊन येते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच झाकलेलं भगुनं (पातेलं) आलं. दुपारी माझ्या ताटात मात्र भाजी नव्हती. हात धुवायला परसात गेले आणि थिजलेच. सगळी भाजी म्हशीपुढे ओतलेली. सोनाबाईची बोटं तर तुमच्या मानेवर फिरली होती, असं मी काकूंना म्हटलं.

"औषधाला इटाळ नसतो, पोरी," काकू शांतपणे म्हणाल्या. "खायाचं येगळं."

मला कालपासून लेकीसारखं जेवू घालणारी हीच बाई. मला खरंच वाटेना.

संध्याकाळी सोनाबाई परसाच्या वाटेनं लेप लावायला आली. भाजी कशी झाली, तिने मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत काकूंनी "लय झ्याक झालती" म्हणून टाकलं.

सोनाबाईचा हात मानेवर फिरतच राहिला. "मग म्हशीला बी आवडली असंल," ती म्हणाली.

काकू जागच्या हलल्या नाहीत. लेप अजून अर्धाच लागला होता.

निघायच्या दिवशी मी सोनाबाईच्या घरी जाऊन ज्वारीच्या भाकरीबरोबर तरोटा खाल्ला. किंचित कडवट, मेथीच्या वळणाचा, चवदार. मी चावतेय की नुसती गिळतेय, ते ती बघत होती. मी आणखी भाकरी मागितली तेव्हा कुठे हसली.

परतले तर माझी बॅग बाहेर ओट्यावर काढून ठेवलेली. बातमी माझ्याआधी पोचली होती. मी पाणी मागितलं. काकू तांब्या घेऊन आल्या; मानेवरचा सोनाबाईने लावलेला लेप तसाच हिरवा होता. तांब्या त्यांनी माझ्या हातात दिला नाही.

"वंजळ धर," म्हणाल्या, आणि माझ्या ओंजळीत वरून पाणी ओतलं.

एसटी पूर्णेला लागली. सोनाबाई जन्मभर असंच पाणी पीत आली असणार. मला ते एकदाच मिळालं, आणि घशाखाली उतरलं नाही.